शाळेच्या अंगणातील कोरडा ओढा
(प्राथमिक शिक्षकांच्या संमेलनात केलेले भाषण)



आजच्या विषयाचे नाव ऐकून आपणांपैकी काहींना हसू आले असेल. बारामती व इंदापूर या तालुक्यांत कोरड्या ओढ्यांना तोटा नाही; मग शाळेच्या अंगणात आणखी एक मुद्दाम करावयाचा तो कशासाठी? शंका रास्त आहे आणि तिचे उत्तर देण्यापुरताच मी आपला वेळ घेणार आहे.

आपले दोन्ही तालुके सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतात. नीरा ज्या भोरच्या डोंगरांत उगम पावते तेथे पावसाळ्यात चार-चार दिवस सूर्य दिसत नाही. तीच नदी आपल्याकडे येईपर्यंत पावसाचे मान वर्षाला सुमारे ५०० मिलिमीटरवर उतरलेले असते. हे पाणी कमी खरे, पण ते येते कसे, हे अधिक महत्त्वाचे आहे. जून-जुलै अनेकदा शिडकाव्यांतच सरतात आणि मग सप्टेंबरात एखाद्या रात्री आभाळ फाटते. २०१९ च्या सप्टेंबरअखेर, एरवी वाळवंट होऊन पडलेल्या कऱ्हेला असा पूर आला की बारामतीत नदीकाठची घरे रिकामी करावी लागली. २०२५ साली तर शाळांना उन्हाळ्याची सुटी असतानाच, मे महिन्यात, या भागात अतिवृष्टी झाली. जे नदीचे तेच शाळेच्या अंगणाचे. दोन तासांच्या पावसात भिंतीच्या पायाशी तळे साचते, फाटकाशी घळ पडते, मुलांनी लावलेल्या रोपांची माती रस्त्यावर जाते. आणि फेब्रुवारीत त्याच रोपांसाठी मुले घरून बाटलीत पाणी आणतात.

हे पाणी किती, ते फळ्यावर मांडून पाहावे. ४० फूट लांब व २० फूट रुंद छपराचे क्षेत्रफळ ८०० चौरस फूट, म्हणजे सुमारे ७४ चौरस मीटर. एक मिलिमीटर पाऊस एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी देतो. त्या हिशेबाने वर्षभरात ३७ हजार लिटर पाणी एका छपरावर पडते. उडून-सांडून गेलेले वजा केले तरी उरते ते थोडे नव्हे. पाचवीच्या मुलांना क्षेत्रफळाचे याहून जवळचे उदाहरण मला तरी ठाऊक नाही.

आता माझी चूक सांगतो. पहिल्या वर्षी मी पाण्याची पीडा टळावी एवढाच विचार केला आणि छपराच्या पन्हळीपासून थेट कुंपणापर्यंत सरळ चर खणला. पाणी गेले, पण बाणासारखे गेले; आणि जाताना अंगणातील माती शेजारच्या बाजरीत नेऊन टाकली. ज्यांचे शेत होते ते वयोवृद्ध गृहस्थ दुसऱ्या दिवशी शाळेत आले. रागावले नाहीत, मात्र ओढा कधी सरळ चालताना पाहिला आहे काय, एवढे त्यांनी विचारले. वर्गात नद्यांची वळणे शिकविणाऱ्या माणसाला हा प्रश्न फार लागला.

म्हणून प्रथम एक पाऊस नुसता पाहावा. पाणी कोठून शिरते, कोठे थबकते, कोठून बाहेर पडते, हे मुलांनी कागदावर काढावे आणि उघडीप होताच ती रेघ फक्कीने जमिनीवर आखावी. ओढ्याची वाट बहुधा आपोआप सापडते. ती भिंतीपासून दहा फूट तरी दूर ठेवावी. उतार शंभर फुटांना एक ते दोन फूट पुरे. तो पाहण्यास गवंड्याची पाण्याची नळी आणावी. दोन मुलांनी दोन टोके धरली की पाणी आपली पातळी कशी शोधते ते निराळे शिकवावे लागत नाही.

रुंदी अडीच-तीन फूट आणि खोली नऊ इंच ते एक फूट असावी. कड उभी न ठेवता निरुंद ताटलीसारखी पसरट ठेवावी. निघालेली माती उताराच्या खालच्या अंगाला लावावी. मोठे धोंडे वळणांवर, तिसरा हिस्सा जमिनीत पुरून बसवावेत. मध्ये लहानमोठे गोटे पसरावेत. तळाशी प्लॅस्टिकचा कागद घालण्याची हौस काही ठिकाणी दिसते. तो घातला तर पाणी मुरायचे कोठे? शेवटी उथळ खळगा करावा आणि त्यालाही जादा पाणी बाहेर जाण्यास दगडी तोंड ठेवावे. मुरमाड माळावर खळगा झपाट्याने जिरवितो. काळ्या जमिनीत तो अधिक उथळ व पसरट हवा, कारण ती माती एकदा फुगली की पाणी घेत नाही. दोन दिवसांत खळगा कोरडा झाला पाहिजे, नाहीतर डास होतील. शौचालयाचा शोषखड्डा आणि विहीर यांपासून ही सारी रचना दूरच असावी.

दगड नदीपात्रातून आणू नयेत. बांधाबांधांवर शेतकऱ्यांनी वेचून टाकलेल्या धोंड्यांचे ढीग पडलेले असतात. मालकास विचारले तर तो आनंदाने देतो. मात्र ढिगातला दगड मुलांना उचलू देऊ नये. त्याखाली विंचू असतो, प्रसंगी फुरसेही असते. पहारीने दगड उलटविण्याचे काम मोठ्या माणसाने करावे, मुलांनी उघड्यावर आलेला दगड वाहावा.

जपानातील क्योटो येथे र्योआन-जी नावाच्या मंदिरात पाण्याचा थेंब नसलेली, नुसत्या पांढऱ्या खडीची व दगडांची बाग आहे. लोक तिच्याकडे तासन्‌तास पाहत बसतात. आपला ओढा आठ-दहा महिने तसाच कोरडा राहणार. तो उजाड दिसू नये म्हणून कडेला वाळा लावावा. त्याची मुळे खोल जातात आणि माती धरून ठेवतात. वळणावर निर्गुडी, खळग्याच्या काठाला करंज. ही झाडे ओढ्याकाठचीच असल्याने पुराला आणि उन्हाळ्याला दोहोंनाही सरावलेली असतात. पहिली दोन वर्षे त्यांना उन्हाळ्यात पाणी घालावे लागते, हेही सांगून ठेवतो. गुलाबाचा हट्ट असेल तर तो आपापल्या परसात पुरवावा. तेथेही न्हाणीचे साबणाचे पाणी या ओढ्यात सोडू नये.

काम मेपूर्वी संपवावे. पहिल्या मोठ्या पावसानंतर काही गोटे जागचे हललेले आढळतील. ते लगेच पूर्ववत लावू नयेत. कोणता दगड किती हात सरकला हे मुलांनी मोजून वहीत लिहावे आणि मग जेथे पाण्याने फार ओढ घेतली असेल तेथे अधिक मोठा धोंडा पुरावा. आमच्या शाळेत दुसऱ्या वळणावरचा दगड तीन वेळा बदलावा लागला.