हस्तव्यवसाय : दयेचा की हक्काचा?

(सिंधुदुर्ग जिल्ह्यातील पक्षकार्यकर्त्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



गावात एखादी स्त्री विधवा झाली, कोणी अपंग झाला, एखाद्या घराचा कर्ता पुरुष गेला, की आपल्यातील सहृदय माणसे एकच उपाय सुचवितात : त्यांना काहीतरी हातकाम शिकवा. काथ्याची पायपुसणी, लाकडी खेळणी, बांबूच्या टोपल्या, कागदी पिशव्या. सूचना चांगल्या मनाने केलेली असते. परंतु चांगले मन आणि चांगले अर्थशास्त्र या दोन वस्तू नेहमी एकत्र नांदतातच असे नाही. ज्याला मदत करावयाची तो या व्यवसायात मालक होतो, मजूर होतो, की नुसता आश्रित राहतो, हा प्रश्न आरंभीच विचारला पाहिजे.

या जिल्ह्याला तो प्रश्न विशेष लागू आहे. पिढ्यानपिढ्या येथील घरे चाकरमान्याच्या मनीऑर्डरीवर चालली. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात उतरले, आणि पुढे बहुतेकांना गिरणीचा दरवाजा पुन्हा उघडला नाही. संप परळ-लालबागला झाला, पण चूल विझली ती मालवण-कणकवलीकडच्या खेड्यांतही. गावातच चार पैसे मिळावेत ही गरज तेव्हापासून अधिकच तीव्र झाली आहे.

या मातीत या प्रश्नाला भिडणारा एक थोर प्रयोग झाला. सीताराम पुरुषोत्तम पटवर्धन, म्हणजेच आप्पासाहेब, हे गांधीजींच्या आत्मकथेचे मराठी अनुवादक. परंतु कोकणचे गांधी ही पदवी त्यांना लेखणीने मिळाली नाही. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात त्यांनी सफाईचे काम मागितले. ते नाकारले गेले तेव्हा त्यांनी अन्नत्याग आरंभिला, आणि त्यांच्या पाठिंब्यासाठी येरवड्यात गांधीजींनीही उपवास केला. १९४८ साली कणकवलीस गोपुरी आश्रम स्थापन झाला. तेथे चर्मालय चालले. मेलेल्या जनावराचे कातडे आप्पासाहेब स्वतः सोलीत. ब्राह्मणाने हातात सुरी घेऊन ढोर सोलावे, याचा त्या काळच्या कोकणात काय अर्थ होता हे सांगावयास नको.

त्या प्रयोगाचे मर्म असे की, गरजूंना काम देणे हा त्याचा अर्धाच भाग होता. ज्या कामामुळे माणूस अस्पृश्य ठरतो ते काम सर्वांनी करावे, म्हणजे कामाचा कलंक आणि माणसाचा कलंक दोन्ही पुसले जातील, हा उरलेला अर्धा भाग. आज हस्तव्यवसाय केंद्र काढणारे पहिला अर्धा भाग घेतात आणि दुसरा सोडून देतात.

परंतु याच प्रयोगाला दुसऱ्या बाजूने एक मूलगामी आक्षेप होता, आणि तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या बांधवांना मृत जनावराचे मांस सोडण्याचे आवाहन केले. जातीने लादलेली घाणेरडी कामे टाकून द्या, ही त्यांच्या चळवळीची हाक होती. धंदा कितीही सुधारला, त्याला प्रतिष्ठेचे कितीही शब्द जोडले, तरी तो जन्माने माथी मारलेला असेल तर ती बेडीच होय. आप्पासाहेबांनी ती बेडी स्वतःच्या हातात घालून घेतली, हे त्यांचे मोठेपण. पण ज्याच्या हातात ती जन्मापासून आहे, त्याला आधी ती तोडण्याचा अधिकार हवा. या वादात आपण बाबासाहेबांच्या बाजूने उभे राहिले पाहिजे, आणि तरीही गोपुरीपासून शिकले पाहिजे.

हा वाद जुना झाला असे समजू नका. १७ सप्टेंबर २०२३ रोजी केंद्र सरकारने अठरा पारंपरिक धंद्यांसाठी विश्वकर्मा योजना सुरू केली. तीत पाच टक्के व्याजाने दोन हप्त्यांत तीन लाखांपर्यंत कर्जाची सोय ठेवली. खेळणी करणारे, टोपल्या विणणारे, काथ्या वळणारे, चर्मकार असे सारे तीत आले. कर्ज स्वस्त आहे, ते अवश्य मिळवून द्यावे. परंतु तमिळनाडू सरकारने हीच योजना आहे त्या स्वरूपात राबविण्यास नकार दिला, आणि घराण्याच्या परंपरागत धंद्याची अट काढावी अशी मागणी केली. मुलाने बापाचाच धंदा करावा असे शासनानेच सुचविले, तर जात अर्थसंकल्पातून परत येते.

आता सावंतवाडीकडे पाहा. चितारआळीची रंगीत लाकडी फळे आणि खेळणी महाराष्ट्रभर ठाऊक आहेत. दशावतारी गंजिफा, एकशेवीस पानांचा तो हाताने रंगविलेला खेळ, जवळजवळ लोपला होता. १९७० नंतर शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी यांनी जुन्या कारागिराकडून ती विद्या मिळवून तिला पुन्हा जीवदान दिले. राजवाड्यातून झालेले काम म्हणून त्याचे श्रेय नाकारणे हा कोतेपणा ठरेल. मात्र आश्रयाने कला वाचते. कारागीर वाचण्यासाठी आश्रयदात्याच्या पश्चातही टिकणारी, कारागिराच्याच मालकीची संस्था लागते. पिंगुळीच्या ठाकर समाजातील परशुराम गंगावणे यांनी चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्या जपण्यासाठी घरच्या गोठ्याचे संग्रहालय केले. त्यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. सन्मान योग्यच आहे. पण पद्मश्री एकाला मिळते, पोट सर्वांना असते.

आता थोडा हिशेब मांडू. नारळाची सोडणे आपल्याकडे सहज चुलीत जातात, म्हणून काथ्याचे उदाहरण घेऊ. समजा, एक पायपुसणे शहरात तीनशे रुपयांना विकले गेले. विकणाऱ्याने एकशेवीस घेतले, माल सत्तरचा, वाहतूक व नासधूस तीस. करणारीच्या हाती ऐंशी रुपये राहिले. एका नगाला चार तास लागत असतील तर आठ तासांची मजुरी एकशेसाठ रुपये. २०२५-२६ साली महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. म्हणजे आपण ज्या भगिनीचे पुनर्वसन केले असे म्हणतो, तिला खडी फोडणाऱ्या मजुराच्या निम्मेच मिळाले, आणि वर आपले आभार मानावे लागले! शिवाय माल दिवाळीत विकला जातो, पैसे शिमग्याला येतात. मधले चार महिने तिने काय खावे? हातात कसब असते, खेळते भांडवल नसते. सावकार आणि दलाल त्याच फटीतून आत शिरतात.

म्हणून कार्यकर्त्यांनी असे केंद्र काढण्यापूर्वी काही कसोट्या लावाव्यात. पहिली, आठ तासांची मिळकत कायदेशीर किमान मजुरीपेक्षा कमी पडता कामा नये. पडत असेल तर त्याला स्पष्टपणे पूरक धंदा म्हणावे, पुनर्वसन म्हणू नये. दुसरी, संस्था सहकारी असावी आणि हिशेबाची वही करणाऱ्यांच्या हाती असावी. तिसरी, माल जमा होताच मजुरी मिळावी. विक्रीचा धोका संस्थेने सोसावा, सर्वांत गरीब सभासदाने नव्हे. चौथी, कारागिराचे ओळखपत्र काढून द्यावे. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना सरकारी गुणवत्तेचे चिन्ह सक्तीचे झाले, तेव्हा सूट मिळाली ती नोंदणीकृत कारागिराच्या मालाला. नोंद नसलेला कारागीर पोटासाठी काम करीत असतानाही कायद्याबाहेर पडतो. आणि पाचवी, सर्वांत महत्त्वाची : त्या केंद्रात सर्व जातींची माणसे शेजारी बसून तेच काम करीत आहेत काय, आणि तेथील मुलांना दुसरे काही होण्याची वाट मोकळी आहे काय?

ही शेवटची कसोटी लावली तर आपली कित्येक केंद्रे अनुत्तीर्ण होतील. होऊ द्यावीत. चुकीचे केंद्र चालविण्यापेक्षा त्याच कष्टात रोजगार हमीच्या कामाची मागणी नोंदविणे, निराधारांचे अनुदान मिळवून देणे, हे अधिक उपकारक आहे.

दानाने एक दिवस निघतो, धंद्याने वर्ष निघते, पण माणूस ताठ उभा राहतो तो हक्काने. गोपुरीने कामाची लाज घालविली. महाडने लादलेल्या कामाला नकार देण्याचे बळ दिले. हे दोन्ही वारसे सांभाळून ज्या दिवशी मालवणच्या किनाऱ्यावरील एखादी स्त्री आपल्या मालाची किंमत स्वतः ठरवील, आणि न पटल्यास तो विकण्यास नकारही देऊ शकेल, त्या दिवशी आपण तिला मदत केली असे म्हणावयास हरकत नाही.