ओढ्यात खांब नाही

भोरहून रायरेश्वराच्या वाटेला लागलं की आंबवडे येतं. नागेश्वराचं देऊळ खाली ओढ्याकाठच्या गर्द झाडीत. भोरच्या राज्यकर्त्या पंतसचिव घराण्याचे मूळ पुरुष शंकराजी नारायण यांची समाधीही इथलीच. देवळाकडे जायला झुलता पूल आहे, भोर संस्थानच्या काळात, 1937 साली बांधलेला. पुलावर मधोमध गेलं की पायाखाली हलतं. पोरं मुद्दाम उड्या मारतात, आया ओरडतात. या गडबडीत खाली बघायचं राहून जातं.

खाली बघा. दोन काठांवरून तोललेला हा पूल. ओढ्याच्या पात्रात त्याचा खांब नाही. आषाढात ओढा दगड, ओंडके, पालापाचोळा घेऊन उतरतो. त्याला पुलाची अडचण होत नाही, की पुलाला त्याची. माणसाची सोय झाली आणि घळ घळच राहिली. बांधणाऱ्यांनी ‘पर्यावरण’ हा शब्द उच्चारलाही नसेल. पण जागेत काही करायचं तर आधी तिथं काय चाललंय ते बघावं आणि त्याच्या आड येऊ नये, हा धडा तिथं लटकलेला आहे.

आज ‘लँडस्केपिंग’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे हिरवळ, कारंजं आणि रांगेत उभे पाम येतात. म्हणजे घर बांधून झाल्यावर लावायची पावडर. खरं तर हे काम घराच्या आधी सुरू होतं, आणि एकट्याचं नसतं. परिसंस्था जाणणारा, भूदृश्य रचणारा आणि नियोजन करणारा, असे तिघे एकाच उतारावर बरोबर चालले, तर जागा सुधारते.

हा विचार आपल्याकडे शंभर वर्षांपूर्वीच पोचला होता. पॅट्रिक गेडिस हे स्कॉटलंडचे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक. 1914 मध्ये ते हिंदुस्थानात आले, गावोगाव पायी हिंडले आणि नगररचनेचे अहवाल लिहीत राहिले. 1919 ते 1924 या काळात मुंबई विद्यापीठात त्यांनी समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्र शिकवलं. आपले मालवणचे समाजशास्त्रज्ञ डॉ. गो. स. घुर्ये त्यांचेच विद्यार्थी. गेडिस यांचा आग्रह असा, की शस्त्रक्रियेआधी निदान करा. सरसकट पाडापाडी नको. दुखतंय तेवढ्यालाच हात लावा. तळी बुजवून टाकण्याऐवजी साफ करून राखा, हेही ते सांगत.

पुढं आणखी एका स्कॉटिश माणसानं, इयान मॅकहार्ग यांनी, 1969 मध्ये ‘डिझाइन विथ नेचर’ हे पुस्तक लिहिलं. त्यांची रीत पोरालाही कळेल अशी. पारदर्शक कागदावर एका जागेचे वेगवेगळे नकाशे काढायचे: एकावर उतार, एकावर माती, एकावर पाणी, एकावर झाडी. मग ते एकावर एक ठेवायचे. कुठं बांधू नये ते आपोआप गडद दिसतं. उरेल तिथं बांधा.

पुण्यात प्रकाश गोळे यांनी 1982 मध्ये इकॉलॉजिकल सोसायटी स्थापन केली आणि निसर्गाचं पुनरुज्जीवन हा शिकायचा आणि शिकवायचा विषय केला. त्यांच्याच विद्यार्थिनी केतकी घाटे आणि मानसी करंदीकर यांनी पुढं ‘ऑयकॉस’ हा व्यवसाय उभा केला. ऑयकॉस हा ग्रीक शब्द, अर्थ घर. इकॉलॉजी आणि इकॉनॉमी या दोन्ही शब्दांचं मूळ तेच. लोकांच्या खासगी जमिनींवर निसर्ग परत यावा, म्हणून त्या आराखडे करून देतात. अशा कामात पुष्कळदा पहिलं पाऊल लागवडीचं नसतंच. वणवा, कुऱ्हाड आणि चराई थांबवायची आणि जमीन राखायची. सह्याद्रीच्या पावसात तुटलेल्या खोडांना धुमारे फुटतात, पाखरं बी आणून टाकतात. आपण खड्डे खणण्याआधी जंगल कामाला लागलेलं असतं.

राखण्याची ही रीत आपल्याला परकी नाही. देवाच्या नावानं राखलेल्या देवराईतली काटकीसुद्धा घरी न्यायची नाही, हा गावोगावचा दंडक. वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक आणि परिसंस्थांचे अभ्यासक माधव गाडगीळ यांनी सत्तरच्या दशकात देवरायांचा अभ्यास केला, तेव्हा दिसलं की इतरत्र तुटलेलं जंगल तिथं टिकून आहे. पण आता देवाचा जीर्णोद्धार निघतो आणि पहिली कुऱ्हाड देवराईवर पडते. कोबा होतो, पत्र्याची शेड येते, अंगणात पेव्हर ब्लॉक बसतात. हेतू चांगलाच असतो. पण जिथं पाणी मुरायचं तिथून ते पळायला लागतं, उताराची माती धुऊन नेतं, आणि चार-पाच वर्षांनी झरा फाल्गुनातच का आटला म्हणून गाव कोड्यात पडतं.

समजा, आंबवड्यासारख्या ठिकाणी वाहनतळ करायचा आहे. एकटा कंत्राटदार सपाट जागा शोधेल, नाहीतर उतार कापून करेल. आपले तिघे आधी वेगळे प्रश्न विचारतील. पहिला विचारेल, काठची उंबर, करंज, जांभळं कोणत्या ओलीवर जगतात? दुसरा म्हणेल, गाड्या वरच थांबू देत. खाली पायीच उतरायचं, म्हणजे देवळाआधी ओढ्याचा आवाज येईल. तिसरा हिशेब मांडेल: श्रावणी सोमवारी गर्दी किती, वीस वर्षांनी किती, आणि आसपासची कोणती जमीन कायमची मोकळी ठेवायची? या तीन उत्तरांतून निघेल तो आराखडा. त्यात बांधकाम कदाचित थोडंच असेल.

भोर-वेल्ह्याच्या डोंगरांत आता फार्महाऊससाठी तुकडे पडताहेत. तुम्हीही एखादा घेतला असेल, तर जेसीबीवाल्याला फोन करण्याआधी एक पावसाळा जाऊ द्या. भर पावसात छत्री घेऊन आपल्याच जमिनीवर उभे राहा. पाणी कुठून येतं, कुठं थांबतं, कुठून जातं, ते बघा आणि तिथं खुंट्या ठोकून ठेवा. दिवाळीनंतर आराखडा करणारा येईल, तेव्हा त्याला आधी त्या खुंट्या दाखवा.