'बॉय': एका माओरी पोराची गोष्ट



आज बोलणार आहे न्यूझीलंडच्या एका छोट्या चित्रपटाबद्दल. नाव 'बॉय'. टायका वायटीटी यांनी तो २०१० साली आणला. लेखन-दिग्दर्शन त्यांचंच, आणि बापाची भूमिकाही त्यांनीच केली.

गोष्ट १९८४ सालची. न्यूझीलंडच्या उत्तर बेटावर, समुद्राच्या काठी वायहाऊ बे नावाचं, माओरींच्या म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांच्या वस्तीचं गाव आहे. वायटीटींच्या वडिलांकडची माणसं इथली, त्यांचं स्वतःचं बालपणही काही काळ इथेच गेलं आणि चित्रीकरणही इथेच झालं. या गावातल्या अकरा वर्षांच्या पोराला सगळे बॉयच म्हणतात. आई धाकट्या भावाच्या, रॉकीच्या बाळंतपणात गेली, बाप तुरुंगात. आजी एका मयतीला परगावी निघते आणि घरातल्या चिल्ल्यापिल्ल्यांचा कारभार याच्या गळ्यात टाकते. पोरगा मायकेल जॅक्सनच्या नादी लागलेला. बापाबद्दल तर अशा थापा मारतो, की ऐकत राहावं!

आणि एक दिवस तो बाप खरोखरच दारात उभा राहतो. सोबत दोन साथीदार. एवढीच त्याची टोळी. पण तो पोरांच्या ओढीने आलेला नसतो. पूर्वी पुरून ठेवलेल्या पैशांसाठी आलेला असतो, आणि नेमकी जागा त्याला आठवत नाही. मग माळावर खड्ड्यामागून खड्डे. बॉयही बापाच्या बरोबरीने खणतो, आणि आपल्या बापाबरोबर काम करायला मिळतंय यातच त्याला धन्य वाटतं. आपण हसत असतो आणि आत कुठेतरी तुटत असतं.

यात एवढं विशेष काय? तोवर बाहेरच्या जगाला पडद्यावरचा माओरी माणूस ठाऊक होता तो मुख्यतः दोन चित्रपटांमुळे. १९९४ चा 'वन्स वेअर वॉरियर्स': दारू, मारहाण, शहरात झालेली फरफट. २००२ चा 'व्हेल रायडर': पूर्वजांची आख्यायिका आणि तिचा वारसा पेलू पाहणारी मुलगी. दोन्ही मोठे चित्रपट, मला दोन्ही आवडतात. पण त्यांतल्या माणसांच्या डोक्यावर सतत ओझं आहे, कधी समाजाच्या दुःखाचं, कधी परंपरेचं. बाष्कळ बडबड करणारं, नकला करणारं साधं पोर असण्याची मुभा माओरी मुलाला 'बॉय'ने दिली. घरातली गरिबी लपवलेली नाही, पण ती कोणी आपल्याला समजावूनही सांगत नाही. ती नुसती तिथे आहे, जशी घरात असते.

बॉय झालेला जेम्स रोलस्टन मुळात गर्दीतल्या एका मुलाच्या कामासाठी, कपड्यांचं माप द्यायला आला होता. त्याला पाहून मुख्य भूमिकाच त्याला दिली गेली. ही निवड किती अचूक होती ते पहिल्या काही मिनिटांतच कळतं. शेवटी श्रेयनामावली सुरू होते तेव्हा सगळे कलाकार मिळून नाचतात: पावलं अर्धी हाका या पारंपरिक माओरी नाचाची, अर्धी मायकेल जॅक्सनची, आणि गाणं १९८४ मध्येच त्या देशात गाजलेलं, माओरी भाषेतलं 'पोई ए'. मला संपूर्ण चित्रपटात हा नाच सर्वांत प्रिय आहे. त्या मुलांना दोन्ही जगं आपलीच वाटतात, आणि कुठलंही एक सोडायला त्यांना कोणी सांगत नाही.

न्यूझीलंडच्या प्रेक्षकांनी हा चित्रपट डोक्यावर घेतला. तिथल्या चित्रपटगृहांत तोवर कुठल्याच देशी चित्रपटाने एवढी कमाई केली नव्हती.

आपल्याकडे २०१३ साली नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री'ने जब्याला पडद्यावर आणलं आणि मराठी प्रेक्षकाला हलवून सोडलं. शेवटी जब्याने भिरकावलेला दगड थेट प्रेक्षकाच्या दिशेने येतो. त्या दगडाची गरज होती. आता मराठी लेखक-दिग्दर्शकांकडे माझं एक मागणं आहे. वाडीवस्तीवरच्या, पालावरच्या, पाड्यावरच्या पोरांना विनोदी चित्रपटाचे नायक करा. त्यांच्यावर हसणारे चित्रपट पुष्कळ झाले. त्यांच्याबरोबर हसणारा एक तरी लिहा.