एकटी पोर पळून संघ जिंकत नाही

आपल्या कुंडलचं कुस्तीचं मैदान महाराष्ट्राला ठाऊक आहे. तिथं जोड बघून कुस्ती लावतात. नवखं पोर कसलेल्या पैलवानापुढं उभं केलं, तर बघणारी माणसंच ओरडतील. पण आपल्या मुली कॉलेजकडून पळायला जातात, तेव्हा जोड कोण बघतं?

शिवाजी विद्यापीठात कोल्हापूर, सांगली, सातारा या तीन जिल्ह्यांतली कॉलेजं येतात. क्रॉस कंट्री म्हणजे माळावरून, कच्च्या वाटेनं लांब पळायची शर्यत. तिथं लहान-मोठ्या सगळ्या कॉलेजांच्या मुली एकाच रेषेवर उभ्या राहतात. एखाद्या कॉलेजला वसतिगृह, प्रशिक्षक, मैदान असतं. साहजिकच चांगल्या पळणाऱ्या मुली तिथं प्रवेश घेतात. त्यात त्यांचं काही चुकत नाही. पण एसटीनं ये-जा करून, घरी वैरण-पाणी बघून पळणाऱ्या मुलींचं कॉलेज मागं पडतं.

यात संघाचा हिशेबही समजून घ्या. मुलींचे क्रमांक मिळवतात आणि ज्यांची बेरीज कमी, तो संघ जिंकतो. समजा, चौघींचे क्रमांक धरले. आपली एक पोर पहिली आली, बाकीच्या विसाव्या, चोविसाव्या, तिसाव्या. बेरीज ७५. दुसऱ्या कॉलेजच्या मुली पाचव्या, सहाव्या, आठव्या, नवव्या. बेरीज २८. पहिला नंबर आपला, पण ढाल त्यांची!

म्हणजे कमी पडतात त्या मुली नव्हेत, त्यांच्या जोडीला पळणाऱ्या कमी पडतात. माण तालुक्यातल्या मोही गावच्या ललिता बाबर बघा. दुष्काळी मुलखातली ही मुलगी २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पळाली आणि दहावी आली. गुण आपल्या मातीत आहेत. सोय सगळीकडं सारखी नाही.

बक्षीस नाही मिळालं तर काय बिघडलं, असं म्हणू नका. पोलीस भरतीत मुलींना ८०० मीटर आणि १०० मीटर पळावं लागतं. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत गुणवंत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. पळणं सुटलं की ही वाटही बंद होते. आणि दोन-तीनदा मागं पडलेल्या पोरीला घरचेच म्हणतात, "बास झालं आता."

आपल्या बचत गटाला यात पुष्कळ करता येईल. गावातल्या पाच-सहा मुलींना एकत्र पळू द्या. पहाटे आळीपाळीनं दोघी बायकांनी रस्त्यावर थांबावं. त्यांना शेंगदाणे-गूळ, मोडाची मटकी, जमेल तिथं अंडं द्या. आरोग्य केंद्रात रक्त तपासून घ्या, कारण अंगात रक्त कमी असलं की दम लवकर लागतो. कॉलेजच्या पालक सभेला जाऊन विचारा, "मुलींना सराव कोण देतं? बूट आणि प्रवासखर्च कोण देतं?" हे एकीनं विचारलं तर टाळतील, दहाजणींनी विचारलं तर उत्तर द्यावंच लागेल.