उंबरठ्याबाहेरचे घर

(नव्याने नोंदणी झालेल्या एका सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या सभासद मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आपल्या संस्थेला नोंदणी क्रमांक मिळाला, भाग दाखले छापून आले, आणि त्या आनंदात आपण सारे आज गच्चीवर जमलो आहोत. मी सहकार खात्याचा अधिकारी नाही. माहिती खात्याचा एक सेवक आहे आणि आपल्यासारखाच एका गृहनिर्माण संस्थेचा सभासद आहे. पाच वर्षे त्या संस्थेचा मानद सचिव होतो. तेव्हा आज जे सांगणार आहे त्यातले काही पुस्तकातले आहे, आणि काही चुकांची किंमत मोजून शिकलेले आहे.

गावदेवीचे बीज

ज्या चळवळीत आपण आज सामील झालात, तिला शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास आहे. १९०४ साली या देशात सहकारी पतसंस्थांचा पहिला कायदा झाला. त्याचा आधार घेऊन मुंबईत १९०६ साली श्यामराव विठ्ठल सहकारी पतसंस्था उभी करणारे श्रीपाद सुब्राव तालमकी यांच्यापुढे लवकरच दुसरा प्रश्न उभा राहिला. पगारदार माणसाला कर्ज मिळेल, पण या शहरात त्याने राहावे कोठे? १९१५ साली गावदेवी येथे सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था स्थापन झाली, ती या प्रश्नाचे उत्तर म्हणून. देशातील अगदी आरंभीच्या गृहनिर्माण संस्थांत तिची गणना होते. एकट्याला न झेपणारे घर अनेकांनी मिळून उभारावे, हा साधा विचार तिच्या मुळाशी होता. आज महाराष्ट्रातील एकूण सहकारी संस्थांपैकी निम्म्याच्या आसपास संस्था गृहनिर्माणाच्या आहेत, इतका त्या बीजाचा विस्तार झाला आहे.

पुढे काळ बदलला. सभासदांनी जमीन घेऊन घर बांधण्याऐवजी विकासकाने बांधलेली सदनिका विकत घ्यावयाची, आणि राहायला आल्यावर संस्था नोंदवावयाची, अशी रीत पडली. त्यामुळे एक गोष्ट हरवली. पूर्वी सहकार आधी येई आणि घर मागाहून. आता घर आधी येते, आणि सहकार मागाहून शिकावा लागतो.

मी केलेली चूक

आमच्या संस्थेत मी सचिव असताना मला एका गोष्टीचा मोठा अभिमान होता. आसपासच्या सर्व संस्थांपेक्षा आमची मासिक वर्गणी कमी होती. दर सभेत मी ते सांगत असे, आणि सभासद टाळ्या वाजवीत. गच्चीतून पाणी झिरपते, जिन्याच्या भिंतीला ओल आली आहे, अशा तक्रारी येत. आम्ही थोडे सिमेंट लावून त्या मिटवीत असू. निधी उभारण्याचा विषय निघाला की “पुढच्या वर्षी पाहू” हे उत्तर ठरलेले असे.

एका श्रावणात, संध्याकाळच्या वेळी, दुसऱ्या मजल्यावरचा छज्जा कोसळून अंगणात पडला. त्या जागी मुले रोज क्रिकेट खेळत. त्या दिवशी पाऊस होता म्हणून ती घरात होती. एवढ्यावर निभावले. दुसऱ्या दिवशी आलेल्या अभियंत्याने मला तुटलेला भाग दाखविला. आत झिरपलेल्या पाण्याने सळया गंजतात, गंजलेले लोखंड फुगते आणि वरचे काँक्रीट फोडून टाकते, हे त्याने समजावून सांगितले. माझी पाच वर्षांची काटकसर त्या ढिगाऱ्यात पडली होती. मग व्हायचे तेच झाले. प्रत्येकाकडून एकरकमी मोठी वर्गणी मागावी लागली. एका निवृत्त शिक्षकांनी मुदत ठेव मोडून पैसे आणून दिले. ते मला एका शब्दाने बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरे झाले असते, असे मला आजही वाटते.

वर्गणीचा हिशेब

म्हणून पहिली विनंती अशी की, दरमहा येणारे बिल नीट वाचा. त्यातली प्रत्येक ओळ एक वेगळे काम करीत असते. २०१४ च्या आदर्श उपविधींनी त्याचे निकष घालून दिले आहेत. पहारेकऱ्याचा पगार, जिन्यातले दिवे, कार्यालयाचा खर्च यांसाठीचे सेवाशुल्क सर्व सदनिकांना समान असते. मोठ्या घराला पहारेकरी जास्त लागत नाही, हा त्यामागचा न्याय आहे. उद्वाहनाचा खर्चही सर्वांना सारखाच, मग सभासद तळमजल्यावर राहात असो की सातव्या. पाणीपट्टी मात्र नळांच्या संख्येवर ठरते. १९७० च्या महाराष्ट्र अपार्टमेंट मालकी अधिनियमाखालील इमारतींत खर्चाची वाटणी मालकीच्या हिश्श्याप्रमाणे होते. तिथल्या नातेवाइकाचे बिल पाहून इथे वाद घालू नये.

उरले दोन निधी. दुरुस्ती व देखभाल निधी सदनिकेच्या बांधकाम खर्चाच्या दरसाल किमान पाऊण टक्का, आणि सिंकिंग फंड, म्हणजे घसारा भरून काढणारा निधी, किमान पाव टक्का. बांधकाम खर्च १० लाख रुपये धरला तर दोन्ही मिळून वर्षाला १० हजार, म्हणजे महिन्याला साडेआठशेच्या आत रक्कम होते. आम्ही ती वाचविली होती. इमारत १५ वर्षांची झाली की दर ५ वर्षांनी, आणि ३० वर्षांनंतर दर ३ वर्षांनी संरचनात्मक तपासणी करावी, असेही हे उपविधी सांगतात. आपली इमारत नवी आहे. निधी साठविण्याची हीच वेळ आहे, कारण आज त्याची गरज भासत नाही.

अर्ध्या तासाची तहकुबी

संस्थेचा खरा मालक कोण? अध्यक्ष नव्हेत, समितीही नव्हे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० प्रमाणे अंतिम अधिकार सर्वसाधारण सभेचा आहे. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते, आणि ३० सप्टेंबरपूर्वी वार्षिक सभा घ्यावीच लागते. १४ दिवसांची नोटीस, एकूण सभासदांपैकी दोनतृतीयांश किंवा २० यांतील जी कमी असेल ती गणसंख्या, असा नियम आहे. पण आपल्याकडे सभा कशी होते? ठरल्या वेळी सातआठ मंडळी असतात. गणसंख्येअभावी सभा अर्धा तास तहकूब होते आणि मग गणसंख्येची अट न राहता तीच सातआठ मंडळी साऱ्या इमारतीचे निर्णय घेतात. जे घरात बसले ते पुढचे वर्षभर जिन्यात सभा भरवितात!

भगिनींना माझे विशेष सांगणे आहे. समितीत महिलांसाठी दोन जागा राखीव आहेत. त्या जागा केवळ सह्यांपुरत्या भरू नयेत. पाणी किती वाजता गेले, कचरा कोणी उचलला नाही, कोणत्या घरात म्हातारे माणूस एकटे आहे, हे ज्यांना ठाऊक असते त्यांनी कारभारात बसावे. आणि प्रत्येक सभासदाने लक्षात ठेवावे की, हिशेब व इतिवृत्त पाहण्याचा, शुल्क भरून प्रती घेण्याचा त्याला हक्क आहे. ज्या समितीची दप्तरे उघडी असतात, तिच्याविषयी जिन्यात कुजबुज होत नाही.

नियम आणि माणुसकी

थकबाकी हा प्रत्येक संस्थेचा जुना रोग आहे. २०१४ च्या उपविधींनी थकबाकीवर द.सा.द.शे. २१ पर्यंत सरळव्याज आकारण्याची मुभा दिली. निबंधकांकडून वसुली दाखला मिळविण्याची कायद्यात तरतूद आहे. पाणी तोडणे, उद्वाहन बंद करणे हे मार्ग मात्र समितीचे नव्हेत. पत्र पाठविण्यापूर्वी एकदा दार वाजवावे. ज्याची नोकरी गेली आहे आणि जो हेतुपुरस्सर पैसे देत नाही, या दोघांना एकच नोटीस गेली तर एकावर अन्याय होतो. सदनिका भाड्याने दिली तर बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून अधिक असू नये, असे शासनाने २००१ साली ठरवून दिले आहे. भाडेकरू हाही शेजारीच असतो.

वाद झालाच तर त्याचे ठिकाण ओळखावे. नोंदी व कागदपत्रांची तक्रार उपनिबंधकांकडे, सभासद व संस्था यांच्यातील कारभारविषयक तंटा सहकार न्यायालयात, बेकायदा बांधकाम महापालिकेकडे, मारामारी पोलिसांकडे. चुकीच्या दारावर ठोठावण्यात लोकांची वर्षे जातात.

राहून गेलेले दोन कागद

शेवटी दोन कागदांची आठवण देतो. पहिला, जमिनीचा. इमारतीत आपण राहतो, पण जमिनीचे अभिहस्तांतरण झाले नसेल तर ती कागदोपत्री अजून दुसऱ्याचीच असते. १९६३ च्या सदनिका मालकी कायद्याखालील नियमांप्रमाणे, करारात अन्य मुदत नसल्यास, संस्था नोंदल्यापासून चार महिन्यांत हे काम विकासकाने करून द्यावयाचे असते. त्याने टाळाटाळ केली तर २००८ च्या दुरुस्तीने मानीव अभिहस्तांतरणाचा मार्ग खुला केला असून त्यासाठी जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करता येतो. आपल्या संस्थेचे चार महिने सुरू झाले आहेत. इमारत जुनी होऊन पुनर्विकासाची वेळ येते, तेव्हा हा कागद नसलेल्या संस्थांची किती ओढाताण होते ते मी पाहिले आहे.

दुसरा कागद, नामनिर्देशनाचा. आमच्या इमारतीत एक गृहस्थ अचानक वारले. नामनिर्देशन नव्हते. त्यांच्या पत्नीला नवऱ्याच्या दुःखाबरोबर कार्यालयांच्या पायऱ्याही चढाव्या लागल्या. नामनिर्देशनाने वारसाहक्क ठरत नाही हे खरे; वारस ठरेपर्यंत नामनिर्देशित व्यक्तीला संस्थेने तात्पुरते सदस्यत्व द्यावे, असे २०१९ च्या दुरुस्तीने स्पष्ट केले आहे. पण त्या मधल्या काळात त्या बाईंशी संस्थेने बोलावे तरी कोणत्या नात्याने, हा प्रश्न उरला नसता. फॉर्म त्यांच्या कपाटात होता. कोरा. तो भरून घेण्याची आठवण करणे हे सचिवाचे, म्हणजे माझे काम होते.

बंधुभगिनींनो, घराचे दार लावले की आपले घर संपले, असे आपण मानतो. पण गच्ची, जिना, पाण्याची टाकी, पायाखालची जमीन आणि शेजारच्या घरातला माणूस हे सारे उंबरठ्याबाहेरचे घर आहे. त्याची झाडलोट एकट्याने होत नाही, म्हणून तर संस्था असते. आपल्या सचिवांनी नामनिर्देशनाचे फॉर्म आज येथे टेबलावर आणून ठेवले आहेत. चहाला जाण्यापूर्वी प्रत्येकाने एकेक घेऊन जावा, आणि आठ दिवसांत भरून परत द्यावा, एवढीच माझी विनंती आहे. आपल्या संस्थेला उदंड आयुष्य चिंतून मी आपली रजा घेतो.

जय हिंद! जय महाराष्ट्र!