निघण्याआधी घरात बोला

(विहाराच्या वर्धापनदिनी झालेल्या भाषणाचे शब्दांकन)

 

समितीने मला 'धम्म आणि शिक्षण' हा विषय दिला आहे. विषय मोठा आहे, आणि त्यावर बोलणारे माझ्यापेक्षा अधिकारी लोक या व्यासपीठावर बसलेले आहेत. म्हणून मी त्यातला एक लहानसा तुकडा घेतो. त्याला कारण घडले.

मागच्या आठवड्यात वंदना आटोपल्यावर आपल्याच वॉर्डातले एक जोडपे माझ्याकडे आले. सोबत त्यांची मुलगी. बारावी चांगल्या मार्कांनी पास झाली. देशपातळीवरची प्रवेश परीक्षा दिली आणि दिल्लीच्या एका विद्यापीठात तिचे नाव लागले. आई म्हणाली, "गुरुजी, इतक्या दूर पोरीले कसं धाडू? तिथं आपलं कोन हाय?" वडील काहीच बोलले नाहीत. मुलगी खाली सतरंजीकडे पाहत होती. मी त्या दिवशी उत्तर दिले नाही. म्हटले, विचार करून सांगतो. फी भरायची तारीख अजून गेलेली नाही. त्यांची परवानगी घेऊनच आज इथे बोलतो आहे, कारण हा प्रश्न त्या एका घराचा राहिलेला नाही. यंदा त्यांच्या घरी आहे, पुढच्या जूनमध्ये तुमच्या घरी येईल.

आधी माझी स्वतःची गोष्ट सांगतो. 1972 साली मी अकरावी मॅट्रिक झालो. वडील इथेच हिंगणघाटला गिरणीत बदली कामगार. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने 1950 साली औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, महाविद्यालय काढले. तेच मिलिंद महाविद्यालय. आपल्या विदर्भातली कितीतरी पोरं तिथे शिकायला गेली. माझ्या एका शिक्षकांनी माझाही फॉर्म भरून पाठवला. प्रवेशाचे कार्ड आले. मी ते देव्हारा काढून टाकलेल्या कोनाड्यात, बाबासाहेबांच्या फोटोजवळ ठेवले. वडिलांनी ते पाहिले. मी वाट पाहत होतो की बाप 'जा' म्हणेल. जुलै महिना निघून गेला. कोणी काही बोलले नाही. पुढे मी डी.एड. केले, जिल्हा परिषदेच्या शाळेत 33 वर्षे पोरं शिकवली. त्या कामाची मला लाज नाही, उलट अभिमान आहे.

पण वडील शेवटच्या आजारात असताना एका रात्री म्हणाले, "तुह्या तिकिटाचे अन् पयल्या महिन्याचे पैसे म्या जमवून ठेवले होते. तू बोललाच नाही. मले वाटलं तुले जायचं नाही." मी विचारले, मग त्या पैशाचे काय केले? म्हणाले, "घरावर टिनं टाकले."

बंधूंनो, मी गेलो नाही याचे मला आज दुःख वाटत नाही. पण जायचे नाही असे आमच्या घरात कोणी ठरवलेच नव्हते. बाप पोराच्या तोंडाकडे पाहत राहिला, पोरगा बापाच्या, आणि तारीख निघून गेली. वर्ध्याहून मनमाड आणि मनमाडला गाडी बदलून औरंगाबाद, एवढाच तो प्रवास होता. तो आमच्या घरातल्या चार हात अंतरावर अडला.

आता बाबासाहेबांनी लिहिलेला 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' आठवा. हा ग्रंथ 1957 साली, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर प्रसिद्ध झाला. सिद्धार्थाच्या गृहत्यागाची जुनी कथा आपण ऐकलेली असते. मध्यरात्री, बायको झोपलेली असताना, न सांगता तो निघून गेला अशी. बाबासाहेबांना ती पटली नाही. त्यांनी मांडलेला सिद्धार्थ रोहिणी नदीच्या पाण्याच्या भांडणात शाक्य आणि कोलिय यांच्यातल्या युद्धाला संघाच्या सभेत विरोध करतो. मत विरोधात जाते, तेव्हा आपल्या कुटुंबाला शिक्षा होऊ नये म्हणून परिव्राजक होणे पत्करतो. मग घरी येतो. आईबापांना सांगतो. ते रडतात, समजावतात. यशोधरेला सांगतो. ती राहुलला सांभाळण्याची जबाबदारी घेते आणि धीराने निरोप देते. तो दिवसाढवळ्या, लोकांच्या देखत निघतो. घर सोडण्याचा प्रसंग मांडताना बाबासाहेबांनी घरातल्या माणसांशी झालेल्या बोलण्याला इतकी जागा का दिली असेल, याचा आपण विचार केला पाहिजे. निघणे आणि पळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घरात बोलून जातो तो निघतो.

खुद्द बाबासाहेबांचा निर्णय पाहा. 2 फेब्रुवारी 1913 रोजी सुभेदार रामजीबाबा गेले. घरी रमाई, आणि यशवंतराव दोन महिन्यांचे. अशा वेळी महाराज सयाजीराव गायकवाडांची शिष्यवृत्ती आली. महिन्याला 11.50 पौंड, तीन वर्षांसाठी. 4 जून 1913 रोजी बडोदे संस्थानाशी करार झाला. शिकून आल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करायची, अशी त्यात अट होती. जुलैमध्ये ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पोहोचले. वय बावीस. म्हणजे कशासाठी जायचे, कोणाच्या पैशावर, किती दिवस आणि परत आल्यावर काय, हे सगळे निघण्यापूर्वी ठरलेले होते. आपण नुसते म्हणतो, बाबासाहेब साता समुद्रापार गेले. त्यामागचा हिशोब आपण पोरांना सांगत नाही.

आणि त्या हिशोबातला दुसरा रकाना रमाईचा आहे. मागे राहणाऱ्याला जे सोसावे लागते ते रमाईने सोसले. 1920 साली बाबासाहेब पुन्हा लंडनला गेले, तेव्हाही घराचा भार तिच्यावरच होता. पोटची लेकरे तिने गमावली. जाणाऱ्या मुलांना मी सांगतो, तुमच्या डब्यात चढण्याची किंमत घरात कोणीतरी मोजत असतो. ते माहीत असू द्या. त्याचे ओझे घेऊन जाऊ नका, पण विसरूही नका.

त्या माऊलीचा प्रश्न होता, तिथं आपलं कोण आहे? ही भीती खोटी नाही. जानेवारी 2016 मध्ये हैदराबाद विद्यापीठात रोहित वेमुलाचे काय झाले ते देशाने पाहिले. 2019 साली मुंबईत डॉ. पायल तडवीचे काय झाले तेही पाहिले. ही हुशार लेकरे होती. कोणी आईबापाला 'उगीच घाबरता' म्हणत असेल, तर त्याने ही दोन नावे आठवावीत. पण आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. बाबासाहेबांना अमेरिकेत वर्गात, वसतिगृहात कोणी जात विचारली नाही. ती विचारली 1917 साली बडोद्यात, आपल्याच देशात. राहायला जागा मिळेना. पारशी खानावळीत नाव लपवून राहावे लागले आणि अकराव्या दिवशी लाठ्या घेऊन आलेल्या लोकांनी बाहेर काढले. म्हणजे धोका किलोमीटरवर मोजता येत नाही. तो जवळही असतो, दूरही असतो. विचारायचे ते हे, की अडचण आली तर धावून येणारे कोण?

आपल्या जिल्ह्याशी जोडलेले एक नाव सांगतो. धर्मानंद कोसंबी. गोव्यातल्या साखवाळचे. 1899 साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी, बुद्धाचा धर्म शिकायचा म्हणून घराबाहेर पडले. घरी पत्नी आणि तान्ही मुलगी. पुणे, ग्वाल्हेर, काशी असे करत ते 1902 साली श्रीलंकेला पोहोचले आणि तिथे पाली शिकले. काशीत अन्नछत्रात जेवून दिवस काढले. विद्या मोठी मिळवली, पण पाठीशी व्यवस्था काही नव्हती. पुढे 1908 साली सयाजीराव महाराजांनीच त्यांना महिना 50 रुपये देऊन लिहिण्याची सोय करून दिली. ते हार्वर्डपर्यंत जाऊन आले. शेवटी 4 जून 1947 रोजी आपल्या सेवाग्रामला त्यांनी देह ठेवला. बुद्धाच्या शोधात गोव्याहून निघालेला माणूस वर्ध्याच्या मातीत विसावला. एका घराने त्यांच्या जाण्याची किती वर्षे किंमत मोजली, हेही आपण सांगितले पाहिजे.

मग दिल्लीला जायचे की नाही? मी 'जा' म्हणणार नाही आणि 'नको' म्हणणार नाही. चार प्रश्न देतो. ते घरात, सगळ्यांनी एका ठिकाणी बसून, मोठ्याने बोलून सोडवा.

पहिला, तिथे असे काय आहे जे इथे नाही? सेवाग्रामच्या मेडिकल कॉलेजात, वर्ध्याच्या हिंदी विद्यापीठात देशभरातून मुले येतात. नागपूर अवघ्या काही तासांवर आहे. नुसते दूर आहे म्हणून चांगले, असे समजू नका. पण तिथला विषय, तिथले प्राध्यापक, तिथले ग्रंथालय इथे नसेल, तर नुसते दूर आहे म्हणून सोडूही नका. दिल्ली-चेन्नईची रेल्वे आपल्या हिंगणघाटवरूनच जाते.

दुसरा, पैसा. फी वेगळी आणि राहणे-खाणे वेगळे. वसतिगृहाची जागा पक्की आहे का, हे निघण्याआधी विचारा. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती दुसऱ्या राज्यात शिकले तरी आपल्या मूळ राज्याकडूनच मिळते, हे पुष्कळांना माहीत नसते. वर्ध्याच्या समाजकल्याण कार्यालयात जाऊन नियम आणि उत्पन्नाची मर्यादा विचारून घ्या. जातीचा दाखला, वैधता प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला, सगळ्यांच्या प्रती दोन ठिकाणी ठेवा. आणि शिष्यवृत्ती खात्यात पडेपर्यंत महिने जातात, हा सगळ्यांचा अनुभव आहे. त्या महिन्यांचे काय, ते आजच ठरवा.

तिसरा, माणसे. तिथे आंबेडकरी विद्यार्थ्यांचे मंडळ आहे का? विद्यापीठाचा समान संधी कक्ष कुठे बसतो? पहिल्याच आठवड्यात जाऊन भेटून या, गरज पडण्याची वाट पाहू नका. आणि आठवड्यातून एक फोन असा करा की ज्यात खरे बोलायचे. 'मी बरी हाय' एवढे सांगून फोन ठेवायचा नाही.

चौथा प्रश्न सगळ्यात अवघड. जमले नाही तर? तेव्हा परत येता आले पाहिजे, आणि घराने दार उघडे ठेवले पाहिजे. 1917 साली शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून बाबासाहेब लंडनचा अभ्यास अर्धा टाकून परत आले. कोणी म्हणेल का की ते हरले? त्यांनी मुंबईत सिडनहॅम कॉलेजात शिकवले, पैसे साठवले, छत्रपती शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांची उसनवारी घेतली आणि 1920 साली पुन्हा गेले. 1923 पर्यंत डी.एस्सी. आणि बॅरिस्टर दोन्ही झाले. परत येणे हा सुद्धा वाटेचाच भाग आहे, हे मुलांना निघतानाच सांगा. ज्याला परत येता येते, तो घाबरत नाही.

आणि वडीलधाऱ्यांना एक विचारतो. मुलगा असता तर हाच प्रश्न इतका जड वाटला असता का? 20 जुलै 1942 रोजी इथून जवळच नागपूरला महिला परिषदेत बाबासाहेबांनी समाजाची प्रगती स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजण्याची गोष्ट सांगितली. दरवर्षी 14 एप्रिलला आपण ती माईकवरून सांगतो. ती मोजपट्टी आता आपल्या उंबरठ्यावर आली आहे.

शेवटी विहार समितीला विनंती. आज आपल्याला सयाजीराव महाराज भेटणार नाहीत. आपल्यालाच मिळून सयाजीराव व्हावे लागेल. वॉर्डात आपली 150 घरे आहेत. घरामागे महिन्याला 50 रुपये निघाले तर वर्षाला 90,000 रुपये होतात. बाहेरगावी शिकायला निघालेल्या लेकराला शिष्यवृत्ती येईपर्यंतचा खर्च यातून द्यावा. दान म्हणून देऊ नये. नोकरी लागल्यावर त्याने तो परत करावा आणि पुढच्या लेकराने घ्यावा. सोबत एक वही ठेवावी. आपल्या वॉर्डातले कोण कोणत्या शहरात आहे, त्याचे नाव आणि फोन नंबर त्यात लिहावा. मग 'तिथं आपलं कोन हाय' या प्रश्नाला विहाराकडे उत्तर असेल. पहिल्या वर्षाचे माझे 600 रुपये मी आज भन्तेजींच्या साक्षीने जमा करतो.

भगवंतांनी कालामांना सांगितले होते की गुरू सांगतो म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या. माझेही तसेच पारखून घ्या. ताई, तू समोर बसली आहेस. आज घरी गेल्यावर सतरंजीकडे पाहू नकोस, बापाकडे पाहा आणि तुला काय वाटते ते बोल. आणि भाऊ, तुम्हीही बोला. पैसे जमवून ठेवले असतील तर तिला आजच सांगा. नसतील तर तेही सांगा. मग तुम्ही जे ठरवाल ते आम्हा सगळ्यांना मान्य राहील आणि विहार तुमच्या पाठीशी राहील.

एवढे बोलून मी आपली रजा घेतो.

नमो बुद्धाय! जयभीम!