चार महिन्यांचं काम आणि बारा महिन्यांचं जंगल

(तरुण मुलामुलींच्या जंगल शिबिरात, जाळरेषेचं काम सुरू होण्याच्या आदल्या संध्याकाळी झालेलं भाषण. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे. गावात बैठकीत वाचून दाखवावं.)

 

काल जेवताना तुमच्यातल्या एकानं मला विचारलं, "काका, हे सगळं शिकून नोकरी लागते का?" सरळ विचारलं, तर मीही सरळ सांगतो. कायमची नोकरी लागत नाही. जंगलातलं बहुतेक काम हंगामी आहे. फेब्रुवारीच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत वणव्याचे दिवस. त्यातच मार्च-एप्रिलमध्ये मोह, मे महिन्यात तेंदू. पाऊस पडला की रोपं. पावसाळा सरला की बांबू. काम असं तुकड्यातुकड्यानं येतं आणि जातं. मग शिकायचं कशाला? याचंच उत्तर द्यायला मी उभा आहे.

आधी माझी गोष्ट ऐका. वीस-बावीस वर्षांचा होतो तेव्हा मी उन्हाळ्यात फायर वॉचर म्हणून रोजंदारीवर लागलो. काम मन लावून शिकलो. पट्ट्याच्या दोन्ही कडा आधी झाडून मोकळ्या करायच्या, गवत-पाला मध्ये ओढायचा, वारा पडला की मगच मधला पट्टा जाळायचा. दोन्ही बाजूला माणसं हिरव्या डहाळ्या घेऊन उभी पाहिजेत. शेवटची ठिणगी विझल्याशिवाय जागा सोडायची नाही. पेटलेल्या आगीच्या तोंडासमोर जायचं नाही, मागून आणि बाजूनं दाबत यायचं. हे सगळं मला येत होतं.

एका रात्री आग लागली. आम्ही पाच जण. विझवत विझवत कंपार्टमेंटच्या हद्दीपर्यंत आलो. पलीकडे दुसरी बीट. मुकादम म्हणाला, "आपलं काम इथपर्यंत." आम्ही थांबलो. मीसुद्धा थांबलो. पाणी प्यालो, बसलो. आग पलीकडे टेकडी चढत गेली ते बसून पाहिलं.

सकाळी गेलो तर पलीकडे आमचेच मोह. माझी माय ज्या झाडाखाली दरवर्षी टोपली घेऊन जायची, ते जुनं झाड बुडाशी जळून पोकळ झालं होतं. माय रागावली नाही. एवढंच म्हणाली, "तू होतास ना तिथं?"

त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. मला आग विझवायला शिकवलं होतं, पण जंगल कोणाचं ते कोणी शिकवलं नव्हतं. मी मजूर होतो, आणि मजुराचं काम हद्दीवर संपतं. जून आला, मस्टर बंद झालं. शेवटच्या हप्त्याची मजुरी दिवाळीला मिळाली. शिकलो त्याचा कागद नाही, दाखला नाही. त्या वर्षी मी गोदावरीपलीकडे मिरची तोडायला गेलो. पुढच्या उन्हाळ्यात माझ्या जागी दुसरा पोरगा आला आणि त्याला पहिल्यापासून शिकवावं लागलं.

आता तुमची गोष्ट वेगळी आहे. वन हक्क कायदा २००६ साली झाला, त्याचे नियम २००८ मध्ये आले. परंपरेनं जे जंगल आपण राखत आलो, वापरत आलो, ते राखण्याचा, पुन्हा वाढवण्याचा आणि त्याचं व्यवस्थापन करण्याचा हक्क कलम ३ मध्ये लिहिला आहे. कलम ५ मध्ये ग्रामसभेला जंगल, जनावरं, पाण्याचे उगम राखण्याचे अधिकार दिले आहेत. त्यासाठी ग्रामसभेनं आपल्यातूनच समिती करायची, असं नियम ४ सांगतो. २०१२ च्या सुधारणेनंतर त्या समितीनं जंगलाचा आराखडा करायचा आणि ग्रामसभेनं तो मंजूर करायचा.

आपल्याच जिल्ह्यात धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) गाव बघा. २००९ साली त्यांना सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात आलं. पण लोक एक गोष्ट विसरतात. हक्क मिळायच्या कितीतरी वर्षं आधीपासून तिथं अभ्यासगट बसत होते. आधी शिकले, मग मागितलं.

शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात गोंडपिपरी तालुक्यातलं पाचगाव. त्यांना २०१२ साली सुमारे १००० हेक्टरवर हक्क मिळाला. त्यांनी बांबू विकायला घेतला आणि तेंदूची पानं तोडणं बंद करायचं ठरवलं. पानांसाठी झाडं छाटली जातात, आगी लागतात, म्हणून बंद. तुम्हीही तेंदू बंद करा असं मी म्हणत नाही, कितीतरी घरांचा पावसाळा त्या पैशावर निघतो. पण आपल्या जंगलाचा हिशेब गाव स्वतः मांडू शकतं, एवढं त्यातून घ्या.

आता कडू बोलतो. हक्काचा कागद आला, वेशीवर फलक लागला आणि गाव झोपलं, असंही झालं आहे. मोहाची फुलं नीट दिसावी म्हणून झाडाखालचा पाला कोण जाळतं? आपणच. तेंदूला कोवळी पालवी यावी म्हणून लावलेली काडी दरवेळी बाहेरच्याची नसते. दुपारच्या वाऱ्यात ती आग झाडाखाली राहत नाही, पार डोंगरावर जाते. लहान रोपं मरतात. मोहाखाली मोहाचं रोप दिसत नाही ते यामुळेच. पाला झाडून बाजूला करा, खाली जुनं लुगडं किंवा जाळी पसरा. फुलंही स्वच्छ मिळतात. हे प्रत्येक घरी जाऊन सांगायचं काम तुमचं आहे. आपल्याच आजीला सांगणं हे आग विझवण्यापेक्षा अवघड आहे, मला माहीत आहे.

या शिबिरात काय शिकायचं तेही सांगतो.

जाळरेषा उद्या शिकाल.

बांबू तोडायला सगळ्यांना येतो, राखून तोडायला थोड्यांना येतो. यंदाच्या कोंबाला हात नाही. गेल्या वर्षीची काठीही ठेवायची. जून झालेली काठी जमिनीलगतच्या पेऱ्याच्या वर तोडायची. बेटात आधाराला काही जून काठ्या राहू द्यायच्या. कंद खणायचा नाही. पावसाळ्यात कोयता घरी.

पाणी अडवायला चर. चर उताराला आडवा आणि एका पातळीत पाहिजे, नाहीतर तोच नाला होतो. पातळी काढायला महागडं यंत्र लागत नाही. दोन सारख्या लांब काठ्या वर बांधायच्या, मध्ये एक आडवी, वरून दोरीला दगड. दोन्ही पाय उलटसुलट ठेवून आडव्या काठीवर मधली खूण करून घ्यायची. मग उतारावर दोरी खुणेवर आली की दोन्ही पाय एका पातळीत. चर ६० सेंटिमीटर रुंद, ३० सेंटिमीटर खोल. माती खालच्या बाजूला.

रोपं म्हणाल तर मोहाची टोरी साठवून ठेवता येत नाही. पडली की थोड्या दिवसांत लावायची, नाहीतर उगवत नाही. तेल काढायच्या आधी थोडी बाजूला काढायला घरात सांगून ठेवा.

आणि शेवटचं म्हणजे वही. कोणत्या तारखेला कुठे आग लागली, किती माणसं गेली, बांबूच्या किती काठ्या निघाल्या, कुठला झरा कोणत्या महिन्यात आटला. ज्या गावाकडे वही आहे त्या गावाला कोणी "तुम्हाला जंगल कळत नाही" असं म्हणू शकत नाही.

आता गावी गेल्यावर ग्रामसभेत तीन ठराव मांडा.

पहिला. कोण काय शिकलं त्याची नोंद ग्रामसभेच्या वहीत, सही-अंगठ्यानिशी. मुलींची नावंसुद्धा. जंगलात सगळ्यात जास्त फिरतात बाया, आणि प्रशिक्षणाच्या यादीत मात्र सगळी पोरांची नावं, हे आता चालणार नाही. शिकलेल्यानं पुढच्या वर्षी दोघांना शिकवायचं.

दुसरा. मजुरीचा. हे काम फुकट करा असं मी सांगणार नाही. आपल्या आज्या-पणज्यांनी जंगलात वेठ केली, तेवढी पुरे. चराचं, रोपांचं काम रोजगार हमीत मागा. मागणी लेखी द्या आणि तारखेची पोचपावती घेतल्याशिवाय कार्यालयातून उठू नका. १५ दिवसांत काम मिळालं नाही तर बेरोजगार भत्त्याचा हक्क आहे. ज्या ग्रामसभा बांबू-तेंदू विकतात त्यांनी त्यातला काही पैसा वणव्याच्या चार महिन्यांसाठी आधीच वेगळा काढावा.

तिसरा. वनरक्षकाला ग्रामसभेत बोलवा. त्याला येतं ते शिकून घ्या, त्यात कमीपणा नाही. मी त्यांच्याकडूनच शिकलो. फक्त एवढं ठरवा, की काम ग्रामसभेच्या आराखड्याप्रमाणे होईल आणि कामावर कोण जाणार ते ग्रामसभा ठरवेल.

आणखी एक सांगून थांबतो. पूर्वी हद्द दुसऱ्यानं आखलेली होती. आता दावा भरताना आपण स्वतः आखली. पण आग आपल्या शेजारच्या गावाच्या हद्दीवर पोचली आणि आपण बसून पाणी प्यालो, तर मी केली तीच चूक तुम्ही कराल. फक्त मस्टर ग्रामसभेचं असेल. म्हणून वणव्याआधी शेजारच्या गावांशी बसा. कोण कोणाला हाक देणार, कोणत्या वाटेनं येणार, हे ठरवा, दोन्ही वह्यांत लिहा.

नोकरी लागते का, असं विचारलं होतंस ना बाळा? काम चार महिन्यांचं आहे. जंगल बारा महिन्यांचं आहे. चार महिन्यांत शिकलेलं गावात राहिलं, तर बाकीच्या आठ महिन्यांत मिरचीला जाणारी माणसं थोडी कमी होतील. एकदम थांबतील असं खोटं सांगणार नाही.

उद्या सकाळी सहाला नाल्यावर. सुती कपडे घाला, नायलॉन आगीजवळ अंगाला चिकटतं. पायात काहीतरी घाला. विळा, पाणी आणि वही घेऊन या.

जोहार.